पांढरीतली मेथी

एका बाजूला मेथीच्या जुड्या, दुसऱ्या बाजूला पालक, आणि मधोमध मिठाईच्या दुकानात असते तसली काचेची पेटी. पेटीत लाल मखमल आणि मखमलीवर लहान लेकराच्या पायातला चांदीचा एकच वाळा. धम्मप्रियाने आधी वाळा ओळखला नाही. तिने ओळखली ती त्याच्या शेजारची दांडा वाकलेली पितळी पळी, कारण ती सापडली त्या दिवशी ती स्वतः चाळणीपाशी बसली होती. मग एकेक करून सगळंच ओळखीचं निघालं. हिरव्या बांगड्यांचे तुकडे, कुलूप नसलेली किल्ली, शर्टाची शिंपल्याची बटणं, दोन जोडवी. हे सगळं दादांच्या डब्यातलं. वडिलांना ती लहानपणापासून दादाच म्हणत आली होती, आणि दादांचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा गेली सतरा-अठरा वर्षं गावाकडच्या घरात ज्वारीच्या कणगीमागे असायचा. त्याला कोणी उगाच हात लावत नसे. तो डबा आज लातुरात, रविवारी सकाळी, एका कोचिंग क्लासच्या पटांगणात, विषमुक्त भाजीच्या टेबलावर असा उघडा पडला होता. समोर एक बाई उभी होती. तिने पेटीत वाकून पाहिलं, च्च केलं, देवळात थांबावं तशी क्षणभर थांबली आणि मग मेथीच्या दोन जुड्या उचलून पिशवीत घातल्या. जाताना तिने कोथिंबीर कधी येणार तेही विचारलं.

राग धम्मप्रियाला नवा नव्हता. अकरा वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या बाईचा रागाशिवाय दिवस जात नाही, पण तो राग फायलीसारखा संध्याकाळी बांधून कपाटात ठेवता येतो. हा तसला नव्हता. हा आधी तळव्यांना कळला, मग कानाच्या पाळ्यांना, आणि मग तिला वाटलं, आत्ता हे टेबलच उलथून टाकावं, मेथी, पालक, पेटी, सगळं, आणि डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांच्या या आयांच्या पायांत पडेल तिथे पडू द्यावं. आपण उलथणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि मग त्याचाही राग आला. ती आली होती दुधी न्यायला. नवरा, अश्वजित, नांदेडला रेल्वेच्या कार्यालयात होता, शनिवारी यायचा आणि रविवारी त्याला दुधीची भाजी लागायची, एवढंच निमित्त. एरवी ती या बाजाराकडे फिरकायची नाही. दादांचा आणि क्लासवाल्या सर्वेश सरांचा तो व्यवहार, आपण मधे कशाला, असं म्हणायची. म्हणायला काय जातं? पण दादांना सर्वेश सरांच्या दारात नेऊन कुणी उभं केलं होतं, तर तिनेच.

पेटीच्या मागे बोर्ड होता. वर ठळक अक्षरांत ‘मूळमाती’ आणि खाली, ‘ज्या मातीने घर गिळलं, तिनेच जगवलं. भूकंपात दगडामातीच्या घराखाली सर्वस्व गमावलेल्या लिंबाजीकाकांच्या शेतातून, थेट तुमच्या ताटात.’ तिने ते दोनदा वाचलं. कुणाचं घर गिळलं होतं? त्यांचं घर पडलंच नव्हतं. त्यात पडण्यासारखं काही नव्हतंच. कुडाच्या भिंती, वर पत्रे, आणि पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले चार धोंडे. त्या पहाटे ते धोंडे घरंगळले. त्यातला एक सुमनबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पावलाशेजारी येऊन पडला. बौद्धवाड्यातली सगळी माणसं अंगणात येऊन गावाकडे बघू लागली तर गाव नव्हतं, धूळ होती. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. ज्यांची घरं चांगली, दोन-दोन हात रुंद दगडी भिंतींची, वर हातभर मातीचं माळवद, उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार, ती माणसं त्याच घरांखाली गेली, आणि ज्यांना तसलं घर बांधणं सात जन्मांत परवडलं नसतं ती उभी राहिली. तेरा वर्षांच्या धम्मप्रियाला तेव्हा यातलं काही सुचलं नव्हतं. तिला आठवतं ते एवढंच, की दादा टिकाव घेऊन पळाले, त्यांच्यामागे वाड्यातले सगळे बाप्ये पळाले, आणि ज्या घरांच्या उंबऱ्याआत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या घरांत ते त्या दिवशी वरून उतरले. माळवद फोडून, पाटीने माती उपसून, आणि कुठे हात दिसला, कुठे केस दिसले की टिकाव टाकून नुसत्या बोटांनी. मग लष्कर आलं, पाऊस आला, सरणाला लाकडं कमी पडली. दादांची नखं पुढे कित्येक महिने धड उगवली नाहीत, आई त्यांना भाकरी कुस्करून द्यायची.

आणि माती. माती खरी होती, म्हणून तर खोटं तिच्यावर इतकं बेमालूम बसलं होतं. शेत असतं ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी, हे तिच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं-गुरं नांदलेली, चुलीची राख, शेणामुताचं सारवण पोटात घेतलेली पांढरी माती काळ्या रानात टाकली की पीक नुसतं फोफावतं. भूकंपानंतर गाव दोन कोसांवर, सिमेंटच्या एकसारख्या घरांत राहायला गेलं आणि जुन्या जागी ढिगारे उरले. दगड ज्याचे त्याने नेले. माती कुणी नेईना, नेववेनाच. दादांनीही दोन वर्षं हात लावला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र ज्याच्या त्याच्या घरी जाऊन, विचारून, त्यांनी बैलगाडी जुंपली. लोखंडी खाटेच्या चौकटीला बारीक जाळी ठोकून चाळण केली. माती आधी चाळायची, ढेकूळ हाताने कुस्करायचं, घाई करायची नाही, आणि मगच ती रानात. जाळीवर राहील ते डब्यात, आणि डब्यातलं ज्याचं त्याच्या दारात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नव्या गावात ते दारोदार जायचे, ‘ही पळी तुमची का बघा’ म्हणून. कोणी ओळखून पदर तोंडाला लावायचं, कोणी नाही म्हणायचं, कोणी आतून ओ द्यायचं नाही. ज्याला धनी मिळाला नाही तेवढंच डब्यात उरलं, असं ती तरी समजत आली होती.

“या ताई, या. बऱ्याच दिवसांनी.” सर्वेश सर टेबलामागून पुढे आले. चाळिशीचे, हसरे. आठवडाभर पँट-शर्ट आणि रविवारी खादीचा कुडता. क्लासमध्ये ते जीवशास्त्र शिकवायचे, आणि मागच्या भिंतीवर त्यांच्या पोरांचे चेहरे ओळीने चिकटवलेले होते, प्रत्येकाच्या गळ्याखाली मार्क. उदगीर, कंधार, देगलूर, कुठकुठली पोरं. त्यांच्यासाठी खोल्या करून राहिलेल्या आया, मेस चालवणारी माणसं, असं सगळं रविवारी सकाळी या पटांगणात भाजीला यायचं. डोकं चालायचं तर पोटात विष नको, हे सरांचं वाक्य होतं, आणि ते लातुरात खपलंही.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“कसं वाटतंय? आज तिसरा रविवार. आधी काका बारापर्यंत बसून असायचे, तुम्हाला माहितीये. आता नऊला मेथी संपते.”

“मी पेटीचं विचारतेय.”

“तेच सांगतोय ना. भाजी काय, कुठंही मिळते ताई. तिच्यामागची गोष्ट मिळत नाही. आपल्याकडे ती आहे, आणि आपण वर्षभर नुसती मेथी-मेथी करत बसलो.”

“आमचं घर पडलं नव्हतं.”

सर थांबले. “म्हणजे?”

“पत्र्याचं होतं. पडलं नाही. आमच्यातलं कुणी गेलं नाही. पेटीतलं सगळं दुसऱ्यांच्या घरातलं आहे.”

“हां, तसं अगदी शब्दाला शब्द धरू नका. गाव तर पडलं ना? मग एका अर्थाने गावाचं दुःख ते काकांचंच.”

“एका अर्थाने.”

“आता बघा,” सर आवाज उतरवून समजुतीने म्हणाले, “‘पत्र्याचं घर होतं म्हणून वाचलो’ असं लिहिता येईल. नाही असं नाही. पण मग लोक विचारणार, पत्र्याचं का? मग ते सगळं आलं. रविवारी सकाळी लोकांना ते नको असतं हो.”

ते सगळं. हे म्हणताना सरांनी हात हवेत थोडा हलवला, माशी वारावी तसा, आणि तेवढ्यात कुणीतरी दोडक्याचा भाव विचारला म्हणून ते तिकडे वळले. ती तिथेच उभी राहिली. ते सगळं म्हणजे कोण, हे तिला नीट ठाऊक होतं. ते सगळं म्हणजे ती, दादा, आई, पत्र्यावरचे धोंडे. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, तोंडावर चार शब्द फेकून मोकळं होता आलं असतं. पण हा वाईट नव्हता. दादांना काका म्हणायचा, स्वतःच्या पेल्यातून चहा द्यायचा, आईच्या आजारपणात दोनदा गाडी घेऊन आला होता. त्याने फक्त दादांना घर दिलं होतं. दगडामातीचं, माळवदाचं, गावाच्या मधलं चांगलं घर त्याने एका बोर्डावर बांधलं आणि त्याच बोर्डावर पाडलं, कारण त्याशिवाय दादांचं दुःख मेथीबरोबर देता येण्यासारखं होत नव्हतं. आणि ज्या हातांनी त्या दिवशी ती घरं उपसली ते हात कुठे होते? ते बोर्डावर नव्हते. त्यांनी बांधलेल्या जुड्या तेवढ्या टेबलाखालच्या टोपल्यांत होत्या.

पण पांढरीचं सरांना सांगितलं कुणी? तिला ती संध्याकाळ लख्ख आठवली. दादा त्याआधी वर्षानुवर्षं अडतीवर माल न्यायचे, आणि अडतीवर पानाला पडलेलं एक भोक म्हणजे गुन्हा. औषध मारलेली, चकाकणारी मेथी आधी उचलली जायची आणि दादांची भोकं पडलेली, पण कच्ची चावली तरी गोड लागणारी मेथी उन्हात मान टाकायची. “फवारा की थोडं,” असं आईसुद्धा म्हणायची. दादा फवारायचे नाहीत. ‘त्या मातीत औषध न्हाई टाकायचं,’ एवढंच म्हणायचे, आणि का ते सांगायचे नाहीत. मग कचेरीतल्या एका बाईकडून सरांच्या विषमुक्त भाजीच्या ग्रुपचं कळलं, आणि धम्मप्रिया रजा टाकून दादांना त्यांच्या घरी घेऊन गेली. सर म्हणाले, सेंद्रिय तर सगळेच म्हणतात, तुमचं वेगळं काय? आणि दादा बोलायच्या आत तीच बोलली. पांढरी, चाळण, डबा, सगळं. ती बोलत गेली तसे सरांचे डोळे मोठे होत गेले, आणि तिला ते आवडलं. आपलं काहीतरी कुणीतरी असं ऐकतंय हे आवडलं. दादा शेजारी बसून बशीतला चहा फुंकत होते. घरी जाताना टमटममध्ये ते एवढंच म्हणाले, ‘लई सांगितलंस.’ तिला ते कौतुक वाटलं होतं.

आणि तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण राग एकदा आत शिरला की सगळी कपाटं उघडत जातो. तिची नोकरी भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर लागली होती. गाव सगळंच उठवलं होतं, दाखला सगळ्यांनाच होता, त्यात खोटं काही नव्हतं. मुलाखतीला तिघे बसले होते, आणि मधल्याने, भल्या माणसाने, हळू आवाजात विचारलं, ‘घरातलं कोण गेलं?’ तिला सांगता आलं असतं, कुणी नाही. तिने मान खाली घातली. तिच्या गप्प राहण्याचा त्यांनी घ्यायचा तो अर्थ घेतला, एकाने पाण्याचा पेला पुढे सरकवला, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. अकरा वर्षं त्या पगारावर घर चाललं. तिने बोर्ड लिहिला नव्हता, मखमल अंथरली नव्हती, पण त्या खोलीत मान खाली घालून बसलेली मुलगी आणि ही काचेची पेटी यांच्यात फरक काय होता, ते तिला आत्ता या उन्हात सांगता येईना. हे कळून राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

टमटम फाटकाशी थांबली आणि दुसरी खेप घेऊन दादा उतरले. डोक्यावर ओल्या फडक्यात बांधलेलं कोथिंबिरीचं गाठोडं, खांद्यावर पंचा, चौसष्टीतही ताठ. तिला पाहून त्यांना आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी गाठोडं उतरवण्यात वेळ घालवला.

“दुधी ठिवलाय बाजूला,” ते म्हणाले. “जावई आलेत का?”

“दादा, डबा यांना कुणी दिला?”

“म्याच.”

“तुम्ही?”

“हाव. मंग कोण दील?”

“कशाला दिला?”

दादांनी गाठोड्याची गाठ सोडली. “नव्या गावात कोण हाय आता, धम्मा? निम्म्या दारांना कुलपं. समदे लेकरांच्या शिक्षणापायी हितं येऊन राह्यलेत, खोल्या करून. डबा कणगीमागं ठिवून कुणाला दिसावा? हितं भाजीला येतात समदे. ज्याचं हाय त्यो वळखील.”

एवढं साधं, एवढं बरोबर. पण बरोबर असणारा माणूस समोर उभा राहिला की रागाला जागा राहत नाही, आणि तिचा राग आत्ता कुठेतरी जायलाच हवा होता.

“आणि बोर्ड? वाचलात?”

“वाचला.”

“आपलं घर पडलं म्हणून लिहिलंय त्यात.”

“बोर्ड त्याचा हाय,” दादा म्हणाले. “डबा मपला हाय.”

“ते काही नाही. आज काढायचं हे. आत्ता.”

“आजचा दिस ऱ्हाऊ दे.”

“का?”

दादा खाली बसून कोथिंबिरीवर पाणी शिंपडू लागले, जुड्या ओल्या मातीसकट झटकू लागले. हाच त्यांचा सूर, जन्मभर. कुणी काही बोललं तर पाणी शिंपडायचं. ‘तुझ्या बापाला राग म्हणून येत न्हाई,’ आई म्हणायची, कधी अभिमानाने, कधी कपाळाला हात लावून. लहानपणी धम्मप्रियालाही ते मोठेपण वाटायचं. पुढे वाटायला लागलं की दादांच्या वाटणीचा रागही आपल्यालाच करावा लागतो, घर चालवण्याबरोबर तोही आपल्या अंगावर पडलाय, आणि दोन माणसांचा राग एका अंगात वागवून आपली पाठ मोडायची वेळ आली. कचेरीत कुणी ‘तुमचं काय बाबा, दोन-दोन दाखले, जातीचा आणि भूकंपाचा’ म्हटलं आणि ते दादांना सांगितलं, की ते विचारायचे, जेवलीस का. तिने पुढे होऊन पेटीची कडी काढली. काच वर केली. किल्ली, बटणं, जोडवी भराभर आपल्या कापडी पिशवीत टाकली. पळी टाकली. “ताई, अहो ताई,” सर दोडक्यांपलीकडून म्हणाले. तिने वाळा उचलला. तो इतका हलका होता की तिची चिमूट अडखळली.

“थांब बाई.”

टेबलापलीकडे एक बाई उभी होती. पंचावन्न-साठीची, विटलेलं इरकली लुगडं, कपाळावर विभूतीच्या पुसट रेघा, हातातल्या पिशवीत कढीपत्त्याची काडी. धम्मप्रियाने तिला कित्येक वर्षांनी पाहिलं, पण ओळखायला वेळ लागला नाही. ही गुरम्मा. हिच्या घरचा मळा दादांनी अकरा वर्षं राखला होता. भाजी लावायला ते तिथेच शिकले. रोज सकाळी तोडलेली भाजी टोपलीत भरून आणायची, ओट्यावर ठेवायची, हाक द्यायची आणि दोन पावलं मागे सरकायचं. मग आतून कुणीतरी येऊन टोपली उचलायचं. दोन लेकांवर उशिरा झालेली हिची मुलगी गौरम्मा भूकंपाच्या वर्षी दोन वर्षांची होती, त्या ओट्यावर दुडुदुडु धावायची. गुरम्मा वाळ्याकडे बघत होती. आज पहिल्यांदा बघत नव्हती, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. नातीसाठी खोली करून राहिलेली, हिने तीन रविवार इथूनच मेथी नेली असणार, आणि तीन रविवार काही न बोलता.

“लिंबाजी,” ती म्हणाली. गावात ती लिंब्या म्हणायची. “हा कुठं सापडला?”

दादा उठून उभे राहिले. “तुमच्या माजघरात. उत्तरंच्या भितीखाली.”

“एकच?”

“दुसरा पायात व्हता. म्याच काढली तिला, गुरम्माक्का. तवा पायात एकच व्हता. तसाच गेला तिच्यासंगं.”

गुरम्माने मान हलवली. तेवढं तिला माहीत होतं. आजूबाजूला दोन-तीन बायका भाजी निवडायच्या थांबल्या होत्या, आणि सर्वेश सर जिथे होते तिथेच उभे राहिले.

“मंग इतकी वर्सं आणून का दिला न्हाईस?”

“आणला व्हता की.” दादांनी कोथिंबिरीचा भाव सांगावा तसल्या आवाजात सांगितलं. “चौथ्या वर्सी. नव्या घरी. तुमी दारातच व्हता. म्या हात म्होरं केला, तर तुमी म्हणलाव, ठिव तिथं ओट्यावर.” ते थांबले. “लेकराचा वाळा हाय, अक्का. ओट्यावर कसा ठिवावा? माघारी घिऊन आलो.”

धम्मप्रियाच्या हातात वाळा होता आणि ती दादांच्या पाठीकडे बघत राहिली. सतरा वर्षं. आईला नाही, तिला नाही, कुणाला एक शब्द नाही. ज्याला राग येत नाही म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं त्या माणसाने सतरा वर्षं एक राग कणगीमागे डब्यात घालून ठेवला होता, उन्हाळ्यामागून उन्हाळे त्याच बाईच्या घराची माती चाळली होती, त्या मातीत एक थेंब औषध पडू दिलं नव्हतं, आणि शेवटी, धनी येईल म्हणून, तो डबा लातूरच्या भर बाजारात आणून मांडला होता. सरांची पेटी, सरांची मखमल, सरांचा खोटा बोर्ड, त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना फक्त टेबल हवं होतं आणि टेबलापलीकडे ही बाई. तिला वडिलांची भीती वाटली. आणि त्याहून जास्त, आपल्याला हे कधीच कळू दिलं नाही याचा संताप आला.

गुरम्माचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, “हातात काय हाय ते म्या बघितलंच न्हाई तवा.” आणि मग, “मला वाटलं, मेथी हाय.”

तिने पिशवी खाली ठेवली, लुगड्याला हात पुसायलाही गेली नाही, तळवा टेबलावरून पुढे केला. “दे. हातात दे.”

धम्मप्रियाने वाळा दादांकडे दिला. दादांनी तो पंच्याच्या टोकावर घेतला. हात कोथिंबिरीच्या मातीने ओले होते. त्यांनी पंच्याने उजवा हात पुसला, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या, मग पुन्हा उजवा. माती केव्हाच निघून गेली होती. तरी ते पुसत राहिले. मग त्यांनी वाळा चिमटीत धरला, गुरम्माच्या तळव्यावर नेला, आणि बोट बोटाला लागू नये इतक्या अंतरावरून, चार बोटं वरून, सोडला. गुरम्माची मूठ मिटली. दादा दोन पावलं मागे सरकले.

धम्मप्रिया टेबलाला वळसा घालून गेली. तिने गुरम्माचं मनगट धरलं, मूठ उघडली, एकेक बोट उचलून. म्हातारी नुसती बघत राहिली. तिने वाळा काढून घेतला, परत येऊन दादांच्या हातात ठेवला आणि त्यांना दंडाला धरून पुढे उभं केलं.

“नीट द्या, दादा,” ती म्हणाली.